हीटिंगचे पाइप आणि न सुटणारे पुश-फिट जोड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान पाण्यावर चालणाऱ्या घरगुती हीटिंगबद्दल आहे. बॉयलरमध्ये तापलेलं पाणी पंपाच्या जोरावर रेडिएटरपर्यंत जातं आणि उष्णता देऊन परत येतं, अशी ही व्यवस्था. तिच्यातले पाइप, रेडिएटरचे व्हॉल्व्ह आणि हाताने दाबून बसवायचे पुश-फिट जोड यांची बरीचशी दुरुस्ती घरच्या घरी होते. बॉयलरच्या झाकणाआतलं काम आणि गॅसची लाइन मात्र परवानाधारक तंत्रज्ञानेच करायची. पाण्याचा पुश-फिट जोड गॅसच्या पाइपवर कधीही लावू नका, तात्पुरतासुद्धा नाही.

पुश-फिट जोडाच्या आत नेमकं काय असतं?

आत दोन वेगवेगळी कामं चालतात आणि ती वेगळी ओळखता आली की निम्मं निदान झालं. पाणी अडवण्याचं काम रबरी ओ-रिंग करते. पाइप धरून ठेवण्याचं काम स्टेनलेस स्टीलचे बारीक दाते करतात. काही जोडांत हे दाते तोंडाशी दिसणाऱ्या कॉलेटवरच, म्हणजे आत दाबता येणाऱ्या कड्यावरच, असतात, उदाहरणार्थ जॉन गेस्ट स्पीडफिटमध्ये. काहींत ते आत लपलेल्या वेगळ्या कड्यावर असतात.

दाते आतल्या दिशेने तिरके असतात. त्यामुळे पाइप आत सहज सरकतो, पण बाहेर ओढला की दाते आणखी रुततात. जोड ठिबकतोय पण पाइप जागचा हलत नाही, तर दोष ओ-रिंगमध्ये किंवा पाइपच्या पृष्ठभागात आहे. पाइपच सरकतोय किंवा निसटलाय, तर दात्यांना पकड मिळालेली नाही; बहुतेक वेळा पाइप पूर्ण आत गेलेला नसतो.

जोड काही केल्या सुटत नाही. आधी काय तपासायचं?

आधी जोर लावणं थांबवा. पुश-फिट जोड ताकदीने सुटत नाही. तो अडतो तो जवळजवळ नेहमी चारपैकी एका कारणाने : आत दाब आहे, जोडाला लॉक आहे, पाइपवर आडवा ताण आहे किंवा कॉलेट एका बाजूनेच दाबली जातेय.

दाब हे सर्वांत दुर्लक्षित कारण. हीटिंगमध्ये दीड बार दाब असेल तर १५ मिमी पाइपवर साधारण पावणेतीन किलो वजनाइतका आणि २२ मिमी पाइपवर जवळपास सहा किलोइतका जोर सतत बाहेरच्या दिशेने असतो. तेवढ्याने दाते पाइपमध्ये घट्ट रुतून राहतात आणि कॉलेट दाबली तरी मोकळे होत नाहीत. म्हणून गेजवर, म्हणजे दाब दाखवणाऱ्या काट्याच्या तबकडीवर, शून्य दिसेपर्यंत दाब काढा. गेजचा काटा अडकलेला असू शकतो, तेव्हा एखाद्या रेडिएटरचा हवा काढायचा स्क्रू उघडून खात्री करून घ्या. तिथून जोराने काहीच आलं नाही म्हणजे दाब गेला.

मग लॉक पाहा. काही जोडांच्या तोंडाशी फिरणारी टोपी असते. ती आवळलेली असेपर्यंत कॉलेट आत जातच नाही. आधी टोपी उलटी फिरवून मोकळी करावी लागते. काहींत कॉलेट आणि बॉडीच्या (जोडाच्या मुख्य भागाच्या) फटीत घोड्याच्या नालेसारखी रंगीत क्लिप अडकवलेली असते, ती आधी बाजूने ओढून काढा. रंग मारताना ही फट रंगाने भरून गेलेली असेल तर धारदार पात्याने तो रंग सोलून काढा. पातं फक्त बॉडी आणि कॉलेटच्या मधल्या रेषेतून फिरवा, पाइपवर ओरखडा पडू देऊ नका.

तिसरं, पाइप सरळ रेषेत आहे का? जवळची क्लॅम्प किंवा क्लिप सोडा, म्हणजे पाइपला हलायला जागा मिळेल. पाइप किंचित जरी वाकून जोडात घुसत असेल तर एका बाजूचे दाते घट्ट धरतात आणि समोरच्या बाजूचे सुटतात. तुम्ही कितीही ओढलं तरी उपयोग नाही.

हे सगळं झालं की सोडवण्याचा क्रम असा. पाइप आधी आत ढकला. बहुतेकांचा इथेच गोंधळ होतो, कारण सोडवायच्या गोष्टीला आत ढकलणं मनाला पटत नाही. पण पाइप एखादा मिलिमीटर आत सरकला तरच दात्यांवरचा भार जातो. तो तसाच धरून कॉलेट चारही बाजूंनी सारखी, बॉडीला टेकेपर्यंत दाबा. कॉलेट दाबलेली ठेवूनच पाइप हळूहळू डावी-उजवीकडे फिरवत बाहेर ओढा. जुन्या, तापून निघालेल्या जोडात ओ-रिंग पाइपला चिकटलेली असते. ती ओढण्याने नाही, फिरवण्याने सुटते. ओढता ओढता कॉलेटवरचा हात ढिला पडला की दाते पुन्हा रुततात आणि सगळा क्रम पहिल्यापासून करावा लागतो.

सोडवण्याचं खास हत्यार नाही. पान्याने चालेल का?

दिसणारी कॉलेट असलेल्या जोडाला चालतं. पाइपवर जेमतेम सरकेल असा उघड्या तोंडाचा पाना घ्या, १५ मिमी पाइपला १५ किंवा १६ नंबरचा. पान्याचे दोन्ही जबडे कॉलेटच्या कडेवर सपाट टेकवून बॉडीकडे दाबा. नखांनी किंवा स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दाबलं तर कॉलेट तिरकी होते, तिची प्लॅस्टिकची कड तुटते आणि मग जोड कापण्यावाचून मार्ग उरत नाही. प्लॅस्टिकचं छोटं हत्यार स्वस्त असतं. एकापेक्षा जास्त जोड सोडवायचे असतील तर तेच घ्या, कारण ते कॉलेटला पूर्ण गोलाईत दाबतं.

हेप-टू-ओसारख्या जोडांत बाहेर कॉलेट दिसतच नाही. ते त्यांच्या स्वतःच्या किल्लीशिवाय सुटत नाहीत. शार्कबाइटच्या जोडाला त्याच मापाची क्लिप किंवा चिमटा लागतो. बॉडीवर कंपनीचं नाव कोरलेलं असतं. टॉर्चच्या उजेडात ते वाचूनच हत्यार आणा.

तेलाचा स्प्रे मारला तर सुटेल का?

मारू नका. या जोडांतल्या ओ-रिंग सहसा ईपीडीएम रबराच्या असतात. हे रबर गरम पाण्याला उत्तम टिकतं, पण खनिज तेल लागलं की फुगतं आणि मऊ पडतं. गंजलेले नटबोल्ट सोडवायचे स्प्रे, ग्रीस, पेट्रोलियम जेली हे सगळं त्यात आलं. तेलाने जोड आज सुटेल, पण तोच जोड परत वापरला तर काही काळाने गळेल. वापरायचंच असेल तर शुद्ध सिलिकॉनचा स्प्रे किंवा सिलिकॉन ग्रीस वापरा. ज्योत किंवा हीट गन अजिबात नको.

तरीही सुटला नाही तर?

कापा. अर्धा तास झगडून शेजारचे चार जोड हलवण्यापेक्षा एक जोड कापलेला परवडतो.

कुठे कापायचं हे मात्र आधी ठरवा. जोडाच्या अगदी लगत कापलं तर उरलेल्या पाइपची लांबी जास्तीत जास्त राहते. नवा जोड बसायला दोन्ही बाजूंना सरळ, स्वच्छ पाइप हवा. किती, ते नव्या जोडाच्या आत जाणाऱ्या लांबीवर ठरतं. १५ आणि २२ मिमीच्या जोडांत ती बहुधा २५ ते ३५ मिमीच्या आसपास असते. पाइप दोन्हीकडून पक्का असेल आणि जराही सरकत नसेल तर साधा कपलर, म्हणजे दोन पाइप सरळ जोडणारा जोड, बसणार नाही. तिथे स्लिप कपलर लागतो. त्याच्या मध्यभागी अडसर नसतो, त्यामुळे तो आधी एका पाइपवर पूर्ण सरकवता येतो आणि मग दुसऱ्या पाइपवर मागे आणता येतो. दोन्ही पाइपांवर तो नेमका कुठे थांबायला हवा याच्या खुणा आधीच करा. अडसर नसल्याने तो एकीकडे जास्त आणि दुसरीकडे कमी बसण्याची शक्यता असते, आणि हा दोष बाहेरून दिसत नाही.

काढलेला जोड पुन्हा वापरता येतो का?

सोडवता येणाऱ्या प्रकारचा असेल आणि धड निघाला असेल तर येतो. ओ-रिंग बाहेर काढून बोटांनी ताणून पाहा. चीर, चपटा झालेला भाग किंवा कडकपणा जाणवला तर बदला, आणि नवी ओ-रिंग त्याच कंपनीची घ्या. दाते वाकलेले असतील तर जोड टाकून द्या.

खरी अडचण पाइपची असते. बाहेर ओढताना दात्यांनी त्यावर लांब ओरखडे काढलेले असतात. तोच पाइप तसाच परत घातला तर ओ-रिंग नेमकी त्या ओरखड्यांवर बसते आणि त्या खाचांतून पाणी वाट काढतं. ओरखड्यांचा तुकडा कापून टाका. त्याने पाइप आखूड होतो, हे जोड काढायच्या आधीच हिशेबात धरा.

पाइपचं टोक कसं तयार करायचं?

गळणाऱ्या जोडांचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं. जोड कंपनीतून तपासून आलेला असतो. पाइपचं टोक तुम्ही बनवलेलं असतं.

तांब्याचा पाइप फिरत्या चाकाच्या कटरने कापा. हॅक्सॉने कापलं तर कट तिरका येतो, कडेला धारदार कंगोरे राहतात आणि भुसा पाइपात जातो. कटर एका दमात आवळू नका. एक फेरी मारायची, स्क्रू थोडा आवळायचा, परत फेरी. घाईने आवळलं की पाइपचं तोंड आत दबतं. कापून झाल्यावर बाहेरची कड बारीक कानशीने किंचित गोल करा. आतली बर, म्हणजे कापताना उरलेले कंगोरे, हीसुद्धा रीमर या खरवडायच्या हत्याराने काढा.

आता त्या कडेवरून ओली करंगळी हलक्या हाताने फिरवा. जरासं जरी टोचलं तरी काम अपुरं आहे, कारण जे बोटाला टोचतं ते ओ-रिंगला कापतं. असा कापलेला जोड पहिल्या दिवशी कोरडा राहू शकतो आणि काही महिन्यांनी ठिबकायला लागतो.

प्लॅस्टिकचा पाइप त्याच्याच कात्रीने काटकोनात कापा. पातं बोथट असेल तर पाइप दबून अंडाकृती होतो आणि इन्सर्ट (पाइपच्या तोंडात घालायची आधाराची नळी) बसत नाही. कात्री चालवताना पाइप थोडा फिरवला तर कट सरळ येतो.

नंतर तेवढ्या लांबीत पाइपचा बाहेरचा पृष्ठभाग तपासा. रंग, सोल्डरचा थेंब, फ्लक्सचा (सोल्डरिंगआधी लावायच्या लेपाचा) चिकटपणा, चुन्याचा थर, छापील लेबलचा गोंद यांतलं काहीही राहायला नको. तांबं बारीक स्टील वूलने गोल फिरवत पुसा. लांबीच्या दिशेने घासलं तर पडणारे चरे पाण्याला थेट वाट करून देतात.

शेवटी खूण. पाइप जोडाच्या शेजारी धरून आत किती जायला हवा ते मोजा आणि तेवढ्या अंतरावर मार्करने रेघ ओढा. पाइप आत ढकलताना दोनदा अडतो : आधी दात्यांपाशी, मग ओ-रिंगपाशी. दुसऱ्या अडथळ्याला पाइप पूर्ण बसला असं वाटतं, प्रत्यक्षात त्यापुढे आणखी जायचं असतं. रेघ कॉलेटच्या तोंडाशी आली तरच पाइप बसला. मग तो बाहेरच्या दिशेने जोरात ओढून पाहा. एखादा मिलिमीटर मागे येऊन दाते पकडतील, ते ठीक आहे.

प्लॅस्टिक पाइपमध्ये इन्सर्ट घालायलाच हवं का?

हो. हीटिंगमध्ये पाइप तापून मऊ होतो आणि दात्यांच्या व ओ-रिंगच्या दाबाखाली आत दबतो. इन्सर्ट त्याला आतून आधार देतं. ते विसरलं तर जोड थंड पाण्यावर चाचणीत पास होतो आणि गरम झाल्यावर निसटतो. इन्सर्ट त्याच पाइपच्या कंपनीचं घ्या, कारण पाइपच्या भिंतीची जाडी कंपनीगणिक वेगळी असते. तांब्याला इन्सर्ट लागत नाही.

कोणत्या पाइपवर पुश-फिट चालत नाही?

क्रोम चढवलेल्या आणि स्टेनलेस स्टीलच्या पाइपवर सांभाळून. त्यांचा पृष्ठभाग इतका कठीण असतो की दात्यांना रुतायला जागा मिळत नाही; पाइप बसल्यासारखा वाटतो आणि दाब आला की निसटतो. कंपनीने परवानगी दिली असेल तर आणि त्यांनी सांगितलेली खाच पाडूनच वापरा, नाहीतर नट आवळून बसवायचा कॉम्प्रेशन जोड घ्या.

दुसरा घोळ मापाचा. इंच आणि मिलिमीटर यांची अदलाबदल होत नाही. अमेरिकी अर्धा इंची तांब्याच्या पाइपचा बाहेरचा व्यास १५.९ मिमी आहे, तो १५ मिमीच्या जोडात जाणारच नाही. पाऊण इंची पाइप २२.२ मिमी आहे, आणि इथे धोका जास्त, कारण तो २२ मिमीच्या जोडात रेटून घालायचा मोह होतो. व्हर्नियरने मोजा आणि मापं वेगळी असतील तर त्यासाठीच बनवलेला अडॅप्टर वापरा.

बॅरियर पाइप म्हणजे काय? साधा प्लॅस्टिक पाइप का नको?

साध्या प्लॅस्टिकच्या भिंतीतून हवेतला ऑक्सिजन हळूहळू आतल्या पाण्यात मिसळतो. हीटिंगचं तेच पाणी वर्षानुवर्षं फिरत राहतं. त्यात ऑक्सिजन येत राहिला की स्टीलचे रेडिएटर आतून गंजतात, काळा गाळ तयार होतो आणि तो पंपात व बॉयलरच्या बारीक वाटांत साचतो. बॅरियर पाइपात ऑक्सिजन अडवणारा पातळ थर असतो. हीटिंगला तोच वापरा. नळाच्या पाण्याला साधा चालतो.

काम सुरू करण्याआधी पाणी कसं काढायचं?

बॉयलर बंद करा आणि पाणी कोमट होईपर्यंत थांबा. पाणी भरायची जोडणी, म्हणजे फिलिंग लूप, दोन्ही टोकांना बंद आहे याची खात्री करा. ती उघडी राहिली तर तुम्ही काढताय तेवढं पाणी मागून भरत राहील. सर्वांत खालच्या ड्रेन कॉकला, म्हणजे पाणी काढायच्या नळाला, होज पाइप लावून क्लिपने आवळा आणि दुसरं टोक त्याहून खालच्या पातळीवर सोडा. ड्रेन कॉक उघडा. नंतर वरच्या मजल्यापासून एकेका रेडिएटरचा हवा काढायचा स्क्रू उघडत खाली या. वरून हवा आत आली नाही तर पाणी रेडिएटरमध्येच अडून राहतं.

हे पाणी काळं असतं आणि गालिचावर त्याचे डाग कायमचे बसतात. जोडाखाली आधी प्लॅस्टिक, त्यावर जुने टॉवेल, त्यावर पसरट ट्रे ठेवा. पाणी संपलं असं वाटल्यावरही जोड सुटताना कपभर पाणी येतंच.

ड्रेन कॉक जुना असेल तर त्यातला रबरी वॉशर बैठकीला चिकटतो. स्पिंडल (कॉकचा फिरवायचा दांडा) उघडूनही पाणी येत नाही ते त्यामुळे. स्पिंडल पूर्ण काढू नका, वॉशर अचानक सुटला तर पाण्याचा फवारा थांबवता येणार नाही.

एकाच रेडिएटरचा व्हॉल्व्ह काढायचा तर सगळं पाणी काढावं लागेल?

रेडिएटर फक्त भिंतीवरून उतरवायचा असेल तर नाही; दोन्हीकडचे व्हॉल्व्ह बंद केले की पुरतं. परत उघडताना पाणी पूर्वीइतकंच यायला हवं, म्हणून लॉकशील्डचा व्हॉल्व्ह (टोपीखाली झाकलेला, पाण्याचं प्रमाण ठरवणारा) बंद करताना किती वळसे लागले ते मोजून लिहून ठेवा. थर्मोस्टॅटवाल्या व्हॉल्व्हचं डोकं शून्यावर ठेवून भागत नाही, खोली थंड झाली की तो आपोआप उघडू शकतो. डोकं काढून त्याची बंद करायची टोपी लावा. व्हॉल्व्हच बदलायचा असेल तर निदान त्या पातळीपर्यंतचं पाणी काढावं लागेल.

दाब रोज उतरतोय, पण गळती कुठेच दिसत नाही. कशी शोधायची?

आधी बॉयलर आणि पाइप यांतला आरोपी वेगळा करा. बॉयलर बंद करून थंड होऊ द्या आणि त्याच्या खालचे जाणाऱ्या व येणाऱ्या पाइपांचे व्हॉल्व्ह रात्रभर बंद ठेवा. सकाळी बॉयलरच्या गेजवरचा दाब उतरला असेल तर दोष बॉयलरच्या बाजूला आहे. दाब होता तसाच आहे, पण व्हॉल्व्ह उघडताच खाली आला, तर गळती पाइपात किंवा रेडिएटरांत आहे. व्हॉल्व्ह उघडल्याशिवाय बॉयलर चालू करू नका.

थंड असताना दाब १ ते १.५ बार असावा आणि गरम झाल्यावर थोडा वाढावा. तापताना तो थेट ३ बारकडे धावत असेल तर बहुधा एक्स्पान्शन व्हेसलमधली, म्हणजे फुगणाऱ्या पाण्याला जागा देणाऱ्या टाकीतली, हवा गेलेली आहे. अशा वेळी सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून पाणी बाहेर फेकतो आणि थंड झाल्यावर काटा शून्याजवळ येतो. लोक घरभर गळती शोधत बसतात आणि पाणी घराबाहेरच्या छोट्या पाइपमधून गेलेलं असतं. त्या पाइपच्या टोकाखाली धातूचं भांडं ठेवून पाहा. तिथून येणारं पाणी उकळतं असू शकतं, हात लावू नका.

गळती पाइपातच असेल तर हीटिंग थंड असताना शोधा. गरम पाइपवरचा थेंब जमिनीवर पडायच्या आधीच वाळतो. त्याची खूण मात्र राहते : तांब्या-पितळेवर हिरवट पांढरा थर, स्टीलवर तपकिरी ओघळ, प्लॅस्टिक जोडाच्या तोंडाशी पांढरी पूड. प्रत्येक जोडाभोवती कोरडा टिश्यू पेपर फिरवा. बोटाला न कळणारा ओलावा त्यावर लगेच उमटतो.

जोड गरम असताना कोरडा असतो आणि थंड झाल्यावर ठिबकतो. असं कसं?

गरम असताना पाइप आणि रबर दोन्ही फुगलेले असतात, सील घट्ट असतं. थंड होताना पाइप आखडून जोडातून मागे ओढला जातो आणि त्यात कुठे ओरखडा किंवा तिरकेपणा असेल तर फट उघडते. ओ-रिंग जुनी, कडक झालेली असेल तरी हेच होतं. बाहेरून टेप किंवा सीलंट लावून हे थांबत नाही. जोड काढा, टोक नव्याने कापा, ओ-रिंग बदला आणि पाइपला सरळ रेषेत आधार द्या.

हीटिंग चालू-बंद होताना फरशीखालून टक-टक आवाज येतो.

पाइप लांबतोय आणि लाकडावर घासतोय. साठ अंशांनी तापलेला एक मीटर तांब्याचा पाइप सुमारे १ मिमी लांबतो. प्लॅस्टिकचा तेवढाच पाइप ८ मिमी किंवा त्याहूनही जास्त लांबतो, म्हणून त्याला जास्त मोकळीक हवी. लाकडी तुळईच्या खाचेत पाइप चेपून बसला असेल तर खाच थोडी रुंद करा आणि पाइपखाली फेल्टची पट्टी घाला. लांब सरळ पाइपचं टोक भिंतीला टेकलेलं नसावं.

आधार कमी असले तरी आवाज येतो आणि जोडांवर आडवा ताणही पडतो. आडव्या तांब्याच्या पाइपला १५ मिमीसाठी सुमारे १.२ मीटरवर आणि २२ मिमीसाठी १.८ मीटरवर क्लिप हवी. प्लॅस्टिकला १५ मिमीसाठी साधारण ३०० मिमीवर, २२ मिमीसाठी ५०० मिमीवर. वळणाच्या अगदी टोकाला जोड ठेवू नका. प्लॅस्टिक पाइपचं वळण जोडाआधी संपून थोडा सरळ भाग यायला हवा, नाहीतर पाइपचा ताण रोज ओ-रिंगला एका बाजूने दाबत राहतो.

बॉयलरला थेट प्लॅस्टिक पाइप जोडला तर?

बहुतेक कंपन्या बॉयलरपासून पहिला एक मीटर धातूचा पाइप ठेवायला सांगतात. तुमच्या बॉयलरच्या पुस्तिकेत लिहिलेलं अंतरच पाळा. लाकूड किंवा कोळशावर चालणाऱ्या चुलीच्या बॉयलरला मात्र प्लॅस्टिक नकोच. तिथे आग बटणाने विझत नाही, आणि पंप बंद पडला तर पाण्याचं तापमान प्लॅस्टिकच्या मर्यादेपलीकडे जातं.

रेडिएटर व्हॉल्व्हचा नट आवळूनही पाणी येतंय. आणखी आवळू का?

पाव वळसा आवळून पाहा, त्यापुढे नाही. कॉम्प्रेशन जोडात ऑलिव्ह नावाचं कडं पाइपवर दाबलं जातं. १५ मिमीच्या जोडाचा नट हाताने आवळल्यानंतर पान्याने साधारण एक ते सव्वा वळसा पुरतो. जास्त आवळलं की ऑलिव्ह पाइपला आत चेपतं आणि गळती वाढते. आवळताना दुसऱ्या पान्याने व्हॉल्व्हची बॉडी धरा, नाहीतर सगळा जोर पाइपवर येतो आणि खालचा पुश-फिट जोड हलतो. नट उघडून ऑलिव्हवर टेफ्लॉन टेपचे दोन-तीन वळसे दिले तर पुष्कळदा भागतं. पाइप प्लॅस्टिकचा असेल तर इथेही इन्सर्ट घालायचं.

पुश-फिट जोडाजवळ सोल्डरिंग करायचं आहे.

सोल्डर आधी, पुश-फिट नंतर. तांब्यातून उष्णता झपाट्याने धावते आणि ओ-रिंग जाळते. बाहेरून काहीच दिसत नाही. सोल्डर थंड झाल्यावर फ्लक्स पूर्ण पुसा, कारण तो ओघळून प्लॅस्टिकवर बसला तर जोडाला तडे पाडू शकतो.

भिंतीत किंवा काँक्रीटमध्ये जोड गाडता येईल का?

जोड शक्यतो गाडू नका. प्लॅस्टिक पाइपचा फायदाच हा की तो अखंड लांबीत नेता येतो. गाडलेल्या भागात सलग पाइप स्लीव्हमधून (बाहेरच्या मोठ्या नळीतून) न्या आणि जोड दोन्ही टोकांना उघड्यावर ठेवा, म्हणजे पुढे कधी पाइप बदलायचा झाला तर ओढून काढता येईल. नाइलाज असेल तर जोडापाशी उघडणारं झाकण ठेवा.

धातूच्या पाइपमध्ये प्लॅस्टिकचा तुकडा घातला तर अर्थिंगवर परिणाम होतो का?

होऊ शकतो. प्लॅस्टिक वीज वाहून नेत नाही, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या धातूच्या पाइपांची विद्युत जोडणी तुटते. घराच्या अर्थिंगमध्ये त्या पाइपांचा समावेश असेल तर इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

पुन्हा पाणी भरताना काय काळजी घ्यायची?

हवा काढायचे सगळे स्क्रू आणि ड्रेन कॉक बंद करा. पाणी हळू भरा. अर्धा बार झाला की थांबून प्रत्येक जोड टॉर्च लावून पाहा. कमी दाबावर ओ-रिंग पुरेशी दाबली जात नाही, म्हणून काही दोष याच टप्प्यात दिसतात आणि दाब वाढला की लपतात. मग दीड बारपर्यंत न्या आणि तासभर थांबा. त्यानंतरच बॉयलर चालू करा, पूर्ण गरम होऊ द्या, थंड होऊ द्या आणि परत टिश्यू फिरवा.

पाणी काढलं म्हणजे त्यातलं गंजरोधक इनहिबिटरही गेलं. ते भरायचं विसरू नका. प्रमाण बाटलीवर असतं. बऱ्याच कंपन्यांचं ते पाण्याच्या एक टक्क्याच्या आसपास, म्हणजे १०० लिटरला १ लिटर असतं. हवा काढताना पंप बंद ठेवा आणि खालच्या मजल्यापासून वर जा.

गळती थांबवणारा द्रव पाण्यात टाकला तर हे सगळं वाचेल का?

धातूतल्या सुईएवढ्या छिद्राला तो कधीकधी लागू पडतो. नीट न बसलेल्या पुश-फिट जोडाचे दाते तो पाइपमध्ये रुतवू शकत नाही. आमचा सल्ला, आधी जोड दुरुस्त करा.

दुरुस्तीनंतर पहिले काही दिवस दाब थोडा उतरतोय. पुन्हा उघडावं का?

लगेच नको. नव्या पाण्यात विरघळलेली हवा तापल्यावर सुटते, रेडिएटरच्या वरच्या भागात जमते आणि ती बाहेर काढली की तेवढा दाब कमी होतो. हवा काढा आणि दाब परत दीड बारवर आणा. दर वेळी हीटिंग थंड असताना, एकाच वेळेला गेज वाचून तारखेसह लिहून ठेवा. उतार दिवसागणिक कमी होत गेला तर ती हवाच होती. आठवडाभराने रेडिएटरांतून हवा निघायची थांबली आणि काटा तरीही खाली येत राहिला, तर नव्या जोडांपासून शोधायला लागा, आणि सुरुवात त्या जोडापासून करा ज्याच्या पाइपवर मार्करची रेघ ओढायची राहून गेली होती.